टणटण मिस्त्री आणि फुटका क्रँक

आमच्या भावोजींनी आयुष्यात टाकून दिलेली वस्तू माझ्या माहितीत एकच: डावीकडची अक्कलदाढ. तीसुद्धा त्यांनी डॉक्टरांकडून कागदाच्या पुडीत मागून घरी आणली होती. ती पुढे ताईने गुपचूप फेकली. अजूनही घरात काही सापडेनासं झालं की भावोजी म्हणतात, "माझ्या दाढेसारखं झालं हे."

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जुन्या मोटारींची बंद पडलेली इंजिनं उघडायची, आतला एकेक भाग धुऊन, मोजून, घासून पुन्हा बसवायचा आणि गाडी मालकाच्या हवाली करायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा उद्योग. घराच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड आहे. त्यात रॉकेलचा आणि ग्रीसचा असा काही वास भरलेला असतो की ताईच्या मते तो लग्नाच्या फोटोंनासुद्धा येतो. घरातल्या वस्तूंनाही शेडमधला न्याय लागू आहे. भावोजींच्या छत्रीचा दांडा एका छत्रीचा, काड्या दुसरीच्या, कापड तिसरीचं आणि मूठ एका गिअरच्या दांड्याची आहे. तरी तिला ते "माझी लग्नातली छत्री" म्हणतात. धुलाई यंत्राला तिसरी मोटर बसली आहे. ती पूर्वी कुठे होती ते विचारलं की विषय बदलतात. चालू केल्यावर ते यंत्र हळूहळू मोरीच्या दाराकडे चालत येतं.

शेडमध्ये भिंतीला लागून तीन लाकडी पेट्या आहेत. पांढऱ्या रंगाने, स्वतःच्या वळणदार अक्षरात, भावोजींनी त्यांवर नावं घातली आहेत. पहिली "राहील". दुसरी "जाईल". तिसरी "बघू". कुठलंही इंजिन उघडलं की त्याच्या भागांची या तिघींत वाटणी होते. "राहील" ठीकठाक भरलेली असते. "जाईल"मध्ये मी एकदा वाकून पाहिलं तेव्हा एक फाटकं गॅस्केट आणि कोळ्याचं जाळं होतं. "बघू" मात्र इतकी ओसंडून वाहते की तिच्यापुढे एक "बघू दोन" आणि तिच्यामागे नाव नसलेलं एक पिंप उभं राहिलं आहे.

"मलाही 'बघू'मध्येच ठेवलंय पस्तीस वर्षं," ताई म्हणते.

"छे छे, तू 'राहील'मधली," भावोजी म्हणतात. याला ते कौतुक समजतात.

या सगळ्यामागे कंजूषपणा असता तर मी इतकं लिहिलंच नसतं. भावोजींचं म्हणणं असं, की जे दोन भाग वर्षानुवर्षं एकमेकांवर घासत आले, ते एकमेकांच्या मापाचे होतात. त्यातला एक काढून तिथे नवा कोरा बसवला की उरलेला आधी कुरकुरतो आणि मग झिजतो. म्हणून इंजिन उघडलं की कुठला व्हॉल्व्ह कुठल्या भोकातला, कुठली टोपी कुठल्या बेअरिंगवरची, हे अंड्यांच्या पुठ्ठ्यांमध्ये नंबर घालून ते लावून ठेवतात. त्या पुठ्ठ्यांना घरातल्या माणसानेही हात लावायचा नाही. ताईने एकदा झाडताना एक पुठ्ठा उलटा केला होता. त्या आठवड्यात भावोजी जेवताना फक्त आमटीशी बोलत होते.

आणि ठेवायचं की टाकायचं हे ठरवायची त्यांची एक खास पद्धत होती. तिच्यामुळेच गावभर त्यांना टणटण मिस्त्री म्हणायचे. इंजिनात क्रँक नावाचा एक वाकडातिकडा, वजनदार, पोलादी दांडा असतो. पिस्टनांच्या वरखाली उड्यांचं चाकांच्या गरगर फिरण्यात रूपांतर करणारा तोच. हा क्रँक धुऊन पुसून छपराच्या कडीला दोराने टांगायचा आणि छोट्या पितळी हातोडीने त्याला हलकेच टोला द्यायचा. धड असेल तर तो देवळातल्या घंटेसारखा लांबवर वाजत राहतो. आत कुठे केसाएवढा तडा असला तर आवाज मध्येच बसतो. भावोजी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. चाळीस वर्षांत तो निकाल चुकला नव्हता. दुसऱ्या गावचे मिस्त्रीसुद्धा क्रँक पोत्यात गुंडाळून, आजारी मूल आणावं तसे त्यांच्याकडे घेऊन यायचे.

त्यांची लेक आता बत्तीस वर्षांची आहे. आठ वर्षं एका इंजिनाच्या कारखान्यात तपासणी विभागात काढून, तिथून स्वतःच्या मर्जीने परत येऊन ती बापाच्या शेडमध्ये काम करते. कोपरापर्यंत ग्रीस, कानामागे पेन्सिल, खिशात केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर. एका हाताने गिअरबॉक्स उचलणाऱ्या या बाईला घरात अजून छकुली म्हणतात.

छकुलीचा विश्वास मापावर. "बाबा, बोल्ट ताणला गेलाय. नवा घालू."

"कोण म्हणतं ताणला गेलाय?"

"हे माप म्हणतं."

"मापाला काय कळतंय? तो चाळीस वर्षं एका जागी बसलाय. माणूससुद्धा ताणला जातो. मला टाकशील?"

"तुम्हाला इंजिनात बसवत नाही मी."

असा त्यांचा संवाद दिवसभर चाले आणि मी सुट्टीच्या दिवशी चहाच्या निमित्ताने तो ऐकायला जाई. मतभेद असले तरी काम अडत नव्हतं. बोल्ट, रिंगा, बेअरिंग, साखळी हा लेकीचा प्रांत, तिथे भावोजी कुरकुरत हार मानत. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, पिस्टनांचे रॉड आणि क्रँक हा बापाचा प्रांत, तिथे लेक हातोडीचा निकाल ऐकून गप्प बसे.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना महिन्याच्या दोन तारखेला नर्सबाईंची गाडी आली.

नर्सबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. वरच्या टेकडीवरच्या दवाखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं बाळंतपणं केली. रोज आपली लहानशी राखी गाडी चालवत बारा किलोमीटरचा चढ चढून जायच्या. गावात चाळिशीच्या आतला जो कोणी दिसेल त्याला "तुला उलटा धरलाय मी" असं सांगायचा त्यांना हक्क होता आणि तो त्या भर बाजारात बजावत. छकुलीलाही त्यांनीच उलटं धरलं होतं. सहा वर्षांपूर्वी गाडीचं इंजिन अडकलं आणि ती त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली जाऊन बसली. आता ती दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली होती, आणि स्टिअरिंगवर त्या स्वतः बसल्या होत्या.

"मिस्त्री, मला तीस तारखेच्या आत ही चालू करून हवी," त्यांनी उतरताच सांगितलं. "तीसला माझ्या परवान्याची मुदत संपते. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, या महिन्यापुरतं ठीक, दिवसाउजेडी, रिकाम्या रस्त्यावर. पुढचं पत्र ते लिहिणार नाहीत. कडेकडेने दिसायचं कमी होत चाललंय. तेव्हा तीस तारखेपर्यंत सरकारच्या मते मला दिसतं."

"कुठे जायचंय?" भावोजींनी विचारलं.

"दवाखान्यापर्यंत. वर. एकदा माझ्या हाताने."

छकुलीने बॉनेट उचलून पाहिलं आणि सरळ मार्ग सांगितला. याच कंपनीच्या नंतरच्या गाडीचं तयार इंजिन मिळतं, ते यात जसंच्या तसं बसतं, चार दिवसांचं काम. भावोजींचा चेहरा असा झाला की जणू त्यांचंच काळीज बदलायचं ठरत होतं.

"मग ती यांची गाडी कशी राहील?"

"अरे, मला गाडी चालवायचीय," नर्सबाई म्हणाल्या. "इंजिनाशी सोयरीक नाही करायची."

"वीस दिवस द्या मला. हेच इंजिन घेऊन वर जाल."

नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. "बरं. तू म्हणतोस म्हणजे होईल," म्हणाल्या आणि काठी टेकत गेल्या. या एका वाक्याने भावोजी दोन दिवस ताठ चालत होते.

इंजिन उघडलं. अडकलं होतं ते गंजाने, मोडून नव्हे. ब्लॉक लेथवाल्याकडे जाऊन आला, रॉड सरळ निघाले, पुठ्ठे भरले. चौदा तारखेला रविवार होता, म्हणून मीही हजर होतो. क्रँक धुऊन, कोरडा करून कडीला टांगला. भावोजींनी हातोडी घेतली, डोळे मिटले, मान तिरकी केली.

हातोडी पडली आणि आवाज आला तो असा, की मी दोन पावलं मागे सरलो. घंटा वाजायला लागली आणि कुणीतरी मध्येच तिच्यावर घोंगडं टाकलं. भावोजींनी पुन्हा मारली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मारून ते डोळे मिटूनच उभे राहिले. आवाज केव्हाच संपला होता, तरी ते ऐकत होते. चेहऱ्यावर इतकं समाधान, की एखाद्या मैफलीत पहिल्या रांगेत बसले आहेत असं वाटावं.

"वा," ते म्हणाले. "काय सुरेख! जिवंत आहे. 'राहील'."

मी छकुलीकडे पाहिलं. छकुलीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं माझाच कान बिघडला असेल, कारण या शेडमध्ये माझ्या मताला चहाच्या कपाइतकीच किंमत. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताई ओरडली, "काय फुटलं गं?"

छकुलीने झुलता क्रँक हाताने थांबवला.

"काही नाही फुटलं," छकुली म्हणाली.

"फुटलंय काहीतरी. पस्तीस वर्षं कपबश्या वाजवून घेते मी. फुटक्याचा आवाज मला कळतो."

भावोजींनी या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. खरं तर त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. पण त्या घरात नवऱ्याला बायकोचं ऐकू न येणं याला कोणी आजार म्हणत नव्हतं. वर्षभरात ते किटलीची शिट्टी ऐकून उठले नव्हते, दारावरची बारीक आवाजाची घंटा वाजून वाजून दमली तरी त्यांनी दार उघडलं नव्हतं आणि त्यांच्या मनगटी घड्याळाचा गजर शेजारी येऊन बंद करून गेले होते. ताईचा निष्कर्ष एकच: "सोंग." तीस वर्षं त्यांनी सोंग केलंही होतं. आता त्यातलं खरं केव्हा सुरू झालं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बहुधा त्यांच्याही.

त्या आवाजानंतर मी महिनाअखेरपर्यंत रजाच टाकली. दुसऱ्या दिवशी छकुलीने कारखान्यातली युक्ती काढली. क्रँकवर लाल रंगाचा फवारा मारला, थांबली, स्वच्छ पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. तडा असला तर आत मुरलेला लाल रंग पावडरीतून वर येतो. दहा मिनिटांनी क्रँकच्या एका कोपऱ्यात, जिथे दांड्याचा गोल भाग चपट्या भागाला मिळतो तिथे, लाल पेन्सिलीने ओढावी तशी रेघ उमटली. बोटाच्या पेराएवढी.

"ओरखडा आहे," भावोजी म्हणाले.

"ओरखडा पुसल्यावर जातो, बाबा."

"रंगाला काय कळतंय? मी ऐकलाय तो."

"आम्ही पण ऐकला. मामांना विचारा."

आता माझ्यावर आली. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतं?" छकुलीने माझ्याकडे टाकलेली नजर अजून माझ्या पाठीत आहे.

"हा क्रँक त्या चढावर मोडला तर काय होईल?" ती बापाला म्हणाली. "वळणावर इंजिन जाम होईल, चाकं अडकतील. आणि स्टिअरिंगवर नर्सबाई असतील. तुम्हाला बसवायचा तर बसवा. मी त्याचा एकही बोल्ट आवळणार नाही."

पुढचे दोन दिवस शेडमध्ये बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. जे बोलायचं ते ताईमार्फत. "बाबांना सांग, तेरा नंबरचा पाना त्यांच्या खिशात आहे." "तुझ्या लेकीला सांग, तो तिथेच राहील." ताई चार वेळा शेडमध्ये येऊन गेली आणि पाचव्या वेळी म्हणाली, "मी टेलिफोन नव्हे," आणि दार लावून घेतलं. क्रँक कडीला तसाच लटकत होता. भावोजी अधूनमधून जाऊन त्याला टोला देत, ऐकत, मान हलवत. पण बसवायला घेत नव्हते. तारीख सतरा झाली होती.

त्या दिवशी संध्याकाळच्या आधी नर्सबाई चौकशीला आल्या. छकुलीने लपवलं नाही. रेघ दाखवली, काय होऊ शकतं ते सांगितलं. भावोजी पाठ करून कानशी जागेवर लावत होते. त्या आधीच जागेवर होत्या.

नर्सबाई स्टुलावर बसल्या. रेघेकडे त्यांनी बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.

"मिस्त्री, इकडे बस जरा," त्या मोठ्याने म्हणाल्या. दवाखान्यातला आवाज होता तो. भावोजी येऊन उलट्या डब्यावर बसले.

"माझ्याकडे एक लाकडी कर्णा होता. एवढासा. एक टोक आईच्या पोटावर, दुसरं माझ्या कानाला. बाळाचे ठोके त्यातून ऐकायचे. तेवीस वर्षं ऐकले मी. नवं यंत्र आलं तेव्हा मी ते कपाटात टाकून वर चादरी रचल्या. म्हटलं, यंत्राला काय कळतंय?"

भावोजींनी मान वर केली. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

"एके दिवशी एक बाई आली. कर्णा लावला. छान ठोके, नेमके, मोजले मी. सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. तेवढ्यात डॉक्टर वर आले होते. त्यांनी माझा हात धरला, माझी नाडी बघितली आणि म्हणाले, बाई, तुम्ही स्वतःचेच ठोके मोजताय."

भावोजींचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

"माझ्या कानशिलात माझंच रक्त वाजत होतं, आणि मला ते बाळाचं वाटलं. कारण मला तेच ऐकायचं होतं, आणि ते कसं वाजतं हे मला पाठ होतं."

"बाळ?" भावोजींनी विचारलं.

"वाचलं. माझ्यामुळे नाही." त्या काठी घेऊन उठल्या. "मी दुसऱ्या दिवशी यंत्र बाहेर काढलं. लगेच शहाणी झाले असं नाही. चार दिवस रडले. हात, डोकं, बाकीचं सगळं शिल्लक होतं म्हणून पुढे पाच वर्षं काम केलं. तुझ्यावर माझा विश्वास आहे, मिस्त्री. तू जे बसवशील त्यात मी बसेन. म्हणून नीट बघ."

आणि त्या गेल्या. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुला कुणी उलटा धरला होता रे? कणा नाही तुला." मला वाटतं छकुलीने माझं "मला काय कळतं" त्यांच्या कानावर घातलं असावं.

भावोजी डब्यावरून टांगलेल्या क्रँककडे बघत राहिले. मग उठले. भिंतीवरच्या खुंट्यांवर दुसऱ्या एका गाडीचा जुना, धड क्रँक होता. तो उतरवून त्यांनी नर्सबाईंच्या क्रँकशेजारी दुसऱ्या कडीला टांगला. एकाला टोला दिला. ऐकलं. दुसऱ्याला दिला. शेडमध्ये एक क्रँक लांबवर गात होता आणि दुसरा पहिल्याच अक्षराला गप्प होत होता. त्यांनी पाचसहा वेळा हे केलं. डोळे मिटून, मग उघडून, मग डावा कान पुढे करून, मग उजवा. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी "बघू दोन"कडे बघत राहिलो.

"छकुले," ते मागे न वळता म्हणाले. "यातला कुठला वाजतो?"

"डावीकडचा, बाबा."

"हं." हातोडी त्यांनी हातात फिरवली. "मला दोन्ही सारखेच वाजतात. दोन्ही छान."

छकुलीने पुढे होऊन क्रँक कडीवरून उतरवला. तिला एकटीला झेपत होता, तरी भावोजींनी दुसरं टोक धरलं. दोघांनी तो जमिनीवर ठेवला. दोन दिवसांतलं ते त्यांचं पहिलं थेट बोलणं होतं, आणि त्यानंतर लगेच दुसरं झालं.

"तेरा नंबरचा पाना द्या."

"खिशातच आहे," भावोजी म्हणाले आणि दिला.

छकुलीने तीन गावांना फोन केले. अशा जुन्या गाड्यांचे न वापरलेले भाग साठवून ठेवणारा एक दुकानदार सापडला. त्याच्याकडे मेणकागदात गुंडाळलेला, कधीच इंजिनात न बसलेला एक क्रँक होता. बावीस तारखेला तो आला. कागद सोडला तेव्हा तो इतका चकचकीत होता की भावोजींनी तोंड वाकडं केलं. "पोरकट दिसतोय."

"शिकेल," छकुली म्हणाली.

तो कडीला टांगला. भावोजींनी सवयीने हातोडी उचलली, आणि मग मुठीची बाजू पुढे करून लेकीला दिली. ती मारत असताना त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आवाज किती वेळ चालू आहे हे तिच्या चेहऱ्यावरूनच मोजत होते. तिने मान हलवायच्या आधीच म्हणाले, "वाजला."

"वाजला."

पुढच्या पाच दिवसांत मी पाहिलं ते असं: ब्लॉक जुना, रॉड जुने, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम जुना. क्रँक, बेअरिंग, रिंगा, साखळी नव्या. आणि रॉडचे ताणलेले बोल्ट भावोजींनी न मागता स्वतःहून काढून ठेवले. "जाईल"मध्ये टाकतात की काय म्हणून मी पाहत होतो. ते पेटीजवळ गेले, थांबले आणि "बघू"मध्ये टाकून आले. एका आठवड्यात माणूस किती बदलणार?

अठ्ठावीसला इंजिन सुरू झालं. भावोजींनी लांब पेचकसाचं टोक ब्लॉकला लावलं, मूठ कानाला टेकवली. खालचे, घोगरे आवाज त्यांना अजून येत होते. ते पुढे कितीतरी वेळ तसेच उभे होते. मग हळूच पेचकस लेकीच्या हातात दिला. "खालचं मी ऐकलं. ठीक आहे. वरचं तू ऐक."

तीस तारखेला सकाळी नर्सबाई आल्या त्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून. भावोजी त्यांच्या शेजारी, मी आणि छकुली मागे. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कणा सिद्ध करायची ही संधी होती. रस्ता रिकामा होता. नर्सबाई वळण यायच्या शंभर पावलं आधीपासून हॉर्न वाजवत. शेळ्या आधीच कडेला उभ्या राहिल्या. अर्ध्या चढावर त्यांनी गिअर टाकला, इंजिनाने दम घेतला आणि गाडी वर निघाली. भावोजींचा तळहात सगळा वेळ समोरच्या पत्र्यावर टेकलेला होता, थर्मामीटर लावावा तसा.

"कसा आवाज येतोय?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"छान, बाबा."

"समोर काय आहे गं?" नर्सबाईंनी विचारलं.

"रस्ता आहे. डावीकडे थोडं घ्या."

"बघ मिस्त्री," नर्सबाई म्हणाल्या, "मला कडेचं दिसत नाही, तुला वरचं ऐकू येत नाही. दोघं मिळून एक धड ड्रायव्हर झालोय." मी मागे सीटला घट्ट धरलं.

दवाखाना आता मोठा झाला आहे, निळा रंग दिला आहे. नर्सबाईंनी गाडी बरोबर त्यांच्या जुन्या जागी, जांभळाच्या झाडाखाली उभी केली. आत गेल्या नाहीत. इंजिन बंद केलं. मग पुन्हा चालू केलं, नुसतंच, आणि पुन्हा बंद केलं. किल्ली काढली आणि हात मागे करून छकुलीसमोर धरली.

"उतार तू घे."

"अजून आजचा दिवस आहे की परवाना," छकुली म्हणाली.

"आहे ना. म्हणून तर देतेय. उतरताना ऊन डोळ्यांवर येतं." आणि भावोजींकडे वळून, "तू पुढेच बस. मी मागे जाते या बिनकण्याशेजारी."

त्यानंतर छकुलीने बापाला कानाचं यंत्र आणून दिलं. भावोजींनी ते अर्धा दिवस लावलं. म्हणाले, धुलाई यंत्र एवढं कण्हतं हे मला कुणी सांगितलं का नाही? आणि नीट पुसून, डबीत घालून ते ठेवून दिलं. कुठे ठेवलं हे सांगायची गरज नाही. नर्सबाईंनी दटावल्यावर आता ते फक्त कामाच्या वेळी लावतात. घरात नाही. ताईचं मत सोंगाकडे पुन्हा झुकलं आहे.

राहिला प्रश्न फुटक्या क्रँकचा. भंगारवाला दारात आला होता, भावोजी अंगणात येरझारा घालत होते. शेवटी ताईनेच तोड काढली. दारावरच्या बारीक घंटेचा भावोजींना काही उपयोग नव्हता. ताईने ती काढायला लावली आणि तिच्या जागी फुटका क्रँक दोराने टांगायला लावला, शेजारी साखळीला एक जुनी हातोडी. फुटका असल्यामुळे तो वर गात नाही. त्याचा आवाज खालचा, घोगरा, पोटात बसणारा. बरोबर भावोजींच्या कानाच्या मापाचा.

गेल्या रविवारी आम्ही शेडमध्ये बसलो असताना नर्सबाई पायी आल्या. काठी टेकत दाराशी थांबल्या, हातोडी चाचपून शोधली आणि एक टोला हाणला. ठप्प. ताई आतून म्हणाली, "काय फुटलं?" सुट्टी म्हणून कानाचं यंत्र डबीतच होतं, त्यामुळे ते भावोजींना ऐकू आलं नाही. पण हातातला व्हॉल्व्ह पुठ्ठ्यात नीट आपल्या नंबरावर ठेवून ते ताबडतोब उठले आणि "आलो, आलो" म्हणत दाराकडे गेले.